मामाजी, ‘पुढे जा’ दाबू नका

एप्रिलचा दुसरा आठवडा. दुपारी वाचनालयातून घरी आले, तर मामाजी, म्हणजे माझे सासरे, बैठकीत कॉम्प्युटरसमोर बसलेले. बाजूला कूलर घरघरत होता, मांडीवर पासबुक उघडं आणि चष्मा कपाळावर.

“सूनबाई, हे पाय ना. बँक उघडूनच नाही राहिली. पेन्शन आली का नाही, काही समजून नाही राहिलं.”

मी माझ्या मोबाइलवर तीच साइट उघडली. लगेच उघडली. पेन्शन जमा झाली होती, ते मी त्यांना दाखवलं. त्यांनी मान हलवली, पण समाधान झालं नाही. “ते ठीक आहे बाई. पण मला माझ्या पडद्यावर पाहायचं आहे.”

ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांना हे लगेच समजेल. मामाजी 78 वर्षांचे आहेत. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. फोनच्या पडद्यावर बोट टेकवलं की त्यांना हवं ते सोडून भलतंच उघडतं आणि मग ते घाबरतात. कॉम्प्युटरवर मात्र अक्षरं दीडपट मोठी करून, खुर्ची पुढे ओढून, ते आपल्या गतीने सगळं वाचतात. विजेचं बिल, पेन्शन, पेपर, सोसायटीचा हिशेब. कोणाला विचारावं लागत नाही. त्यांच्यासाठी तो कॉम्प्युटर बंद पडणं म्हणजे दर गोष्टीसाठी घरच्यांची वाट पाहणं, आणि ते मला होऊ द्यायचं नव्हतं.

कॉम्प्युटर 2009 च्या दिवाळीत घेतलेला. पेंटियम ड्युअल कोअर, जी31 चा मदरबोर्ड, दोन जीबी रॅम, 160 जीबीची हार्ड डिस्क. त्या काळात नागपुरात कोणत्याही दुकानात असेम्बल करून मागितला की साधारण हेच हातात यायचं. आधी त्यात एक्सपी होतं, नंतर एका भाच्याने विंडोज 7 टाकून दिलं.

त्या दुपारी पडद्यावर लाल त्रिकोण होता आणि खाली वाक्य होतं: ‘तुमचे घड्याळ मागे आहे.’ मामाजींनी ते वाचलं होतं, पण त्यांना वाटलं भिंतीवरच्या घड्याळाबद्दल काही म्हणतं आहे. मी उजव्या कोपऱ्यात पाहिलं. तारीख होती 1 जानेवारी 2009.

साइट उघडायचा घड्याळाशी काय संबंध, असं कोणालाही वाटेल. ज्या साइटच्या पत्त्याआधी कुलूप दिसतं, तिच्याकडे एक प्रमाणपत्र असतं. त्यावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत लिहिलेली असते. ब्राउझर ती मुदत आपल्या कॉम्प्युटरच्या तारखेशी ताडून पाहतो. कॉम्प्युटर म्हणतो आज 2009 आहे, आणि प्रमाणपत्र 2025 मधलं. म्हणजे ब्राउझरच्या दृष्टीने ते अजून सुरूच झालेलं नाही. तो अडवतो, आणि बरोबरच अडवतो.

मी तारीख सुधारली. विंडोजमध्ये नेटवरून वेळ घ्यायची सोय आहे ती आधी वापरून पाहिली, पण फरक फार मोठा असला की विंडोज सुरक्षेसाठी नकार देतं आणि म्हणतं, आधी तारीख हाताने ठीक करा. तशी केली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा 1 जानेवारी 2009.

मग मी कॉम्प्युटर बंद करून मामाजींना म्हटलं, तुम्ही रोज सुरू करता तसा माझ्यासमोर करा. त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं, डब्याचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन-तीन ओळी आल्या आणि सगळं थांबलं. मामाजींनी शांतपणे एफ1 दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला.

“हे कधीपासून दाबून राहिले तुम्ही?”

“झालं असेल सात-आठ महिने. दुकानातल्या पोराला फोनवर विचारलं होतं. तो म्हणाला, एफ1 दाबा काकाजी, पुढे जाते.”

त्या ओळींत स्पष्ट लिहिलं होतं की सीमॉसमधली, म्हणजे कॉम्प्युटरची तारीख आणि सुरुवातीच्या सेटिंगची, माहिती बिघडली आहे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक चपटी बॅटरी असते. कॉम्प्युटरला वीज नसताना तारीख-वेळ चालू ठेवणं हे तिचं काम. भिंतीवरचं बटण चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही थोडी वीज मिळत राहते आणि त्या बॅटरीवर भार पडत नाही. आमच्या घरी मात्र रात्री सगळी बटणं बंद करायची शिस्त आहे, आणि वीज कडाडायला लागली की मामाजी प्लगच काढून ठेवतात. ती शिस्त चांगलीच आहे, मी ती बदलणार नाही. पण त्यामुळे सगळा भार त्या छोट्या बॅटरीवर येतो, आणि आमची बॅटरी संपली होती.

रविवारी मुलगा घरी होता. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्लग काढला, तरी सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, आणि बाजूचा पत्रा उघडला. आत कूलरच्या दमट हवेने घट्ट बसलेली धूळ होती. पंख्याच्या पात्यांवर तर नमद्यासारखा थर. रंगकामाचा मऊ ब्रश घेऊन आम्ही गॅलरीत अर्धा तास ते साफ केलं. मग नखाने क्लिप मागे ओढली, तर बॅटरी टपकन वर आली. वर कोरलेलं होतं सीआर2032, 3 व्होल्ट. मुलाने मीटर लावला. 1.9. नवी बॅटरी बर्डीच्या बाजारात मिळाली, चाळीस रुपयांना. अधिकची बाजू वर ठेवून बसवली, एकदा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन तारीख-वेळ भरली, झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तारीख जागच्या जागी होती आणि काळा पडदा थांबला नाही. मामाजींचं बोट सवयीने एफ1 कडे गेलं होतं.

मला वाटलं काम संपलं. बँकेची साइट उघडली, तर लाल त्रिकोण गेला होता आणि त्या जागी पांढरा पडदा आला होता. पूर्ण कोरा. ना संदेश, ना चूक. माझ्या मते हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण कोऱ्या पडद्यावरून काहीच कळत नाही आणि माणूस आपलाच नेट खराब आहे समजून मोडेम बंद-चालू करत बसतो. मामाजींनी ते तीनदा केलं.

मुलाने एफ12 दाबलं. पडद्याच्या बाजूला एक चौकट उघडली, तिच्यात एकच लाल ओळ होती, ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’. त्याने मला त्या ओळीवरून आतला कोड दाखवला. एका शब्दानंतर प्रश्नचिन्ह आणि लगेच टिंब. “आई, हे चिन्ह क्रोमला 80 व्या आवृत्तीपासून कळतं. आजोबांचं क्रोम पाहा.” क्रोमच्या माहितीत आकडा होता 79. म्हणजे डिसेंबर 2019 मधलं. ते चिन्ह समजणारी आवृत्ती त्यानंतरची लगेचची, फेब्रुवारी 2020 मधली. ब्राउझरला कोडमध्ये एक जरी अनोळखी चिन्ह लागलं तरी ती अख्खी फाइल तो बाजूला ठेवतो. बँकेचं सगळं पान त्याच फाइलमधून तयार होणार होतं, म्हणून हाती आला कोरा पडदा.

क्रोम तिथेच का थांबलं होतं, तर नेटचा डेटा मोजून मिळायचा त्या दिवसांत कोणीतरी ‘कॉम्प्युटर हळू होतो’ म्हणून अपडेट बंद करून दिलं होतं. त्या वेळी ते सोयीचं वाटलं असेल. पण पाच वर्षं त्याच्याकडे कोणी पुन्हा पाहिलं नाही, त्यात मीही आले.

याच काळात मामाजींची दुसरी तक्रार समजली. गावाकडच्या एका मंडळाची साइट आहे, तिथे जुन्या कीर्तनकारांची माहिती असते, ती ते आवडीने वाचतात. घड्याळ बरोबर झालं तरी तिच्यावर ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ हे येतच होतं. मामाजी म्हणाले, “ते तर येतच राहते. तिथे प्रगत म्हणून लिहिलं असते ते दाबायचं, मग खाली ‘पुढे जा’ येते, ते दाबायचं. बँकेवरच तेवढं ते बटण येत नाही, म्हणून तर बँक उघडत नव्हती.”

मी खुर्ची ओढून त्यांच्या बाजूला बसले. बँकेच्या साइटवर ते बटण येत नाही, कारण तिने ब्राउझरला आधीच सांगून ठेवलेलं असतं की माझ्या दारात शंका आली तर कोणालाही आत सोडायचं नाही. आणि बाकीच्या साइटवर मामाजी किती महिने ‘पुढे जा’ दाबत होते, कोणास ठाऊक. एफ1 दाबा, पुढे जातं. ‘पुढे जा’ दाबा, पुढे जातं. त्यांच्या हाताला एकच गोष्ट शिकवली गेली होती.

ही प्रमाणपत्रांची भानगड मी त्यांना आमच्या वाचनालयाच्या उदाहरणाने समजावली, कारण मला तीच जवळची. आमच्याकडे नवा सभासद आला की त्याच्या अर्जावर जुन्या सभासदाची सही लागते. आम्ही नव्या माणसाला ओळखत नाही, पण सही करणाऱ्याला ओळखतो. आमच्याकडे अशा जुन्या सभासदांचं रजिस्टर आहे. आता समजा सही करणाऱ्याचंच सभासदत्व संपलं, आणि त्याच्या जागी ज्याची सही चालते त्याचं नाव आमच्या रजिस्टरला कोणी चढवलंच नाही. मग येणारा माणूस कितीही सज्जन असो, माझ्या टेबलावर त्याचा अर्ज अडकणार.

ब्राउझरकडेही असंच रजिस्टर असतं. छोट्या-छोट्या लाखो साइट्स ‘लेट्स एन्क्रिप्ट’ नावाच्या ना-नफा संस्थेकडून मोफत प्रमाणपत्र घेतात. सुरुवातीला ही संस्था नवी होती, म्हणून तिच्या मागे एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची सही होती, डीएसटी रूट सीए एक्स3. त्याची मुदत 30 सप्टेंबर 2021 ला संपली. तोवर संस्थेचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र, आयएसआरजी रूट एक्स1, बहुतेक कॉम्प्युटरांच्या यादीत चढलं होतं. ज्यांच्या यादीत चढलं नाही, त्यांना त्या दिवसापासून या साइट्स अनोळखी झाल्या. जुनं क्रोम स्वतःची यादी ठेवत नसे, ते विंडोजची वापरायचं. मी सर्टएमजीआर, म्हणजे प्रमाणपत्रं दाखवणारं विंडोजमधलं साधन, उघडून ती यादी पाहिली. डीएसटीचं नाव होतं, पुढे 30-09-2021. आयएसआरजीचं नाव नव्हतं. मामाजींना मी बोटाने ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा खाली घेऊन तारीख वाचली आणि म्हणाले, “म्हणजे साइट खराब नव्हती. आपलं रजिस्टर जुनं होतं.”

हो. पण ब्राउझरला हे दोन प्रकार वेगळे करता येत नाहीत, आणि आपल्यालाही येत नाहीत. रजिस्टर जुनं असल्यामुळे आलेला इशारा आणि कोणीतरी खरोखर मधे बसून खोटी साइट दाखवत असल्याचा इशारा, दोन्ही सारखेच दिसतात. दहा वेळा पहिला आला म्हणून माणूस अकराव्या वेळीही दाबतो. माझ्या मते जुन्या ब्राउझरचा खरा धोका हाच आहे. कॉम्प्युटर हळू चालतो ते सहन होतं. पण खोटे इशारे पाहून-पाहून माणसाचं खऱ्या इशाऱ्याकडे लक्ष जात नाही, हे सहन करायची गोष्ट नाही.

आणि ती भीती पोकळ नव्हती. मुलाने डाउनलोडचा फोल्डर उघडला, तर त्यात तीन फाइली, तिन्हींच्या नावात क्रोम आणि अपडेट. मामाजींनी सांगितलं की एका पानावर मोठ्या अक्षरांत आलं होतं, ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, इथे दाबा.’ त्यांना वाटलं चला, कोणीतरी मदत करून राहिलं. ब्राउझर खरंच जुना होता, त्यामुळे वाक्य खोटं वाटायचं कारणच नव्हतं. एक फाइल त्यांनी चालवलीही होती. “काहीच झालं नाही मग, म्हणून सोडून दिलं.”

काहीच झालं नाही, असं मला म्हणता येईना. ब्राउझरचं खरं अपडेट कधीच वाचत असलेल्या पानातून मिळत नाही. ते ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूत असतं, नाहीतर तो बनवणाऱ्यांच्या साइटवर. मी त्याच क्षणी कॉम्प्युटरची नेटची वायर काढली. माझ्या फोनवरून मामाजींच्या बँकेचा पासवर्ड बदलला, मेलचाही बदलला, आणि गेल्या सहा महिन्यांच्या सगळ्या नोंदी आम्ही पासबुकाशी ताडून पाहिल्या. पैसे जागेवर होते. गेले असते तर 1930 वर लगेच फोन करायचा, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलं. फ्रिजवर तो नंबर चिकटवला आहे.

मामाजी त्या संध्याकाळी फार बोलले नाहीत. जेवतानाही गप्प होते. मी म्हटलं, “मामाजी, तुमची चूक नाही. कोणी सांगितलंच नव्हतं तुम्हाला.” आणि मला ते मनापासून वाटतं. सांगणाऱ्यांनी त्यांना बटण सांगितलं, बटणावर काय लिहिलं आहे ते कोणी वाचून दाखवलं नाही.

आता पुढे काय करायचं ते ठरवायचं होतं. शनिवारी मी बर्डीला गेले. सुभाषनगरहून मेट्रोने झाशी राणी चौक, तिथून डोक्याला ओढणी गुंडाळून पायी. पहिल्या दुकानात सांगितलं, “मॅडम, भंगारात टाका, नवीन घ्या.” त्याचं दुकान आहे, त्याने ते म्हणावं. पण मी विचार करत होते की या कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय जुनं झालं आहे. मॉनिटर चांगला, कीबोर्ड चांगला, प्रोसेसर 64 बिटचा. जुना झाला होता तो ब्राउझर, आणि त्याच्या खालचं विंडोज.

विंडोज 7 साठी मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 ला सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. क्रोमची विंडोज 7 वर चालणारी शेवटची आवृत्ती 109, जानेवारी 2023 मधली. पुढच्या आवृत्तीपासून विंडोज 10 लागतं. म्हणून 79 वरून 109 वर जाणं म्हणजे एका थांबलेल्या गाडीतून दुसऱ्या थांबलेल्या गाडीत बसणं. फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरने मात्र तेव्हा जुन्या विंडोजवाल्यांसाठी 115 ही दीर्घ मुदतीची आवृत्ती चालू ठेवली होती. मूळ मुदत सप्टेंबर 2024 होती, ती मार्च 2025 झाली, मग आणखी वाढत गेली. फायरफॉक्स आपली प्रमाणपत्रांची यादी स्वतःबरोबरच आणतं, विंडोजच्या रजिस्टरवर अवलंबून राहत नाही. मुलाने त्याच्या लॅपटॉपवर ती फाइल उतरवली, पेन ड्राइव्हने आणून बसवली आणि नेटची वायर थोडा वेळ लावून पाहिलं. बँकेचं पान उघडलं. मंडळाची साइटही कोणताही इशारा न देता उघडली. ज्यांना विंडोज 7 सोडताच येत नाही, त्यांना मी तेव्हा हेच सांगितलं असतं. फक्त 115 मधलीही ताजी हवी. 14 मार्च 2025 ला फायरफॉक्सचं स्वतःचं एक मूळ प्रमाणपत्र संपलं, आणि 115.13 च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये त्यानंतर अॅड-ऑन बंद पडायला लागले.

आमच्याकडे मात्र ती अनोळखी फाइल चाललेली होती, त्यामुळे त्या विंडोजमधून बँक उघडायला माझं मन तयार नव्हतं. सगळं पुसून टाकावं, तर अडचण दुसरी होती.

मामाजींनी निवृत्तीनंतर पंधरा वर्षं लिहिलं आहे. सोसायटीची इतिवृत्तं, नातेवाइकांना पत्रं, आमच्या घराण्याच्या सात पिढ्यांची नोंद, आजेसासूबाईंच्या तोंडून ऐकलेल्या ओव्या. सगळं कृतिदेव फॉन्टमध्ये. ते टाइपरायटरवर मराठी शिकलेले, कृतिदेवची मांडणी तशीच, म्हणून बोटं आपोआप चालतात. पण कृतिदेव म्हणजे आतून इंग्रजी अक्षरंच, वर फक्त मराठी चेहरा. तो फॉन्ट नसलेल्या ठिकाणी फाइल उघडली, तर ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, मोठा बी, एच अशी पाच अक्षरं दिसतात. ओव्यांच्या जागी पानभर इंग्रजी अक्षरांचा चुरा. मी ग्रंथालयात काम करते. असं कोणाचं आयुष्यभराचं लिखाण वाचता न येण्यासारखं झालेलं मी पाहिलं आहे, आणि मुलांना त्याचं काय करावं ते कळत नाही. म्हणून पहिलं काम ते केलं. सगळ्या फाइली दोन पेन ड्राइव्हवर, आणि त्यांच्याबरोबर कृतिदेवच्या फॉन्टच्या फाइलीसुद्धा. फॉन्टशिवाय नुसत्या फाइली घेणं म्हणजे कुलूप घेऊन किल्ली विसरणं. आता मुलगा ओव्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, बदलून देतो आहे. बदलणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार चुकतात, म्हणून मामाजी रोज दोन पानं डोळ्यांखालून घालतात.

मग जुनी हार्ड डिस्क जशीच्या तशी ठेवली. तिच्यातलं विंडोज 7 फक्त कृतिदेवसाठी, त्याचं नेटवर्क कायमचं बंद. बर्डीतल्याच दुसऱ्या एका दुकानदाराने शोधून जुनी डीडीआर2 ची दोन जीबी रॅम काढून दिली, तीनशे रुपयांना, आणि या बोर्डावर चारच्या वर चालत नाही हेही आपणहून सांगितलं. एक छोटी एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, घेतली, ती पंधराशेच्या आत. 27 एप्रिलच्या रविवारी मुलाने तिच्यावर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट टाकलं, एक्सएफसीई वालं, जे जुन्या मशीनवर हलकं चालतं. आधी एक दिवस ते नुसतं पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिलं होतं. त्यात डिस्कला हात लागत नाही, आणि आवाज, नेट, प्रिंटर चालतात की नाही ते कळतं. आमचा प्रिंटर चालला. यूट्यूब 480 वर ठेवलं की भजनं न अडकता चालतात, त्यावर नेलं की अडखळतं.

मिंटवर फायरफॉक्स बाकीच्या अपडेटबरोबरच नवं होतं. कॉम्प्युटर सुरू केल्यावर आता निवडायला दोन ओळी येतात, मिंट आणि जुनं विंडोज. मामाजींसाठी एका कागदावर लिहून दिलं: वरची ओळ नेटसाठी, खालची लिहिण्यासाठी.

पहिले चार दिवस कठीण गेले. बटणं जागा बदलून बसली होती. “माझं ते निळं कुठे गेलं?” असं विचारायचे. मी संध्याकाळी वीस मिनिटं बाजूला बसायचे, हात न लावता. माउस त्यांच्याच हातात ठेवायचा हे मी ठरवलं होतं. आपण पटकन करून दिलं की ते पाहतात, पण शिकत नाहीत. बँकेचं पान उघडल्यावर आधी कुलूप पाहायचं, मग पत्त्यातलं नाव अक्षर-अक्षर वाचायचं, मग पासवर्ड. मामाजी ते नाव अजूनही मोठ्याने वाचतात. कूलरच्या आवाजातही स्वयंपाकघरात ऐकू येतं.

मागच्या आठवड्यात मी भाजी निवडत होते. बैठकीतून हाक आली. “सूनबाई, हे ‘पुढे जा’ आलं. मी दाबलं नाही. येऊन पाहून जा.”

गेले. कुठल्याशा जाहिरातीवर चुकून हात लागला होता, आणि त्या साइटचं प्रमाणपत्र भलत्याच नावाचं होतं. मी म्हटलं, मागे जा. त्यांनी मागे जायचा बाण शोधला, दाबला आणि आपल्या पेपरवर परत आले.

मामाजींची एक वही आहे. इन्व्हर्टरमध्ये पाणी कधी टाकलं, कूलरची मोटर कधी बदलली, गॅस कधी लागला, सगळं तारखेनिशी. काल त्यात पाहिलं, तर निळ्या शाईत नवी नोंद होती. ‘कॉम्प्युटरचा सेल बदलला, रु. 40. दिवाळीला रजिस्टर तपासणे.’ त्यांना ब्राउझर म्हणायचं होतं.